मॅजेस्टिक थिएटरची जागा

श्रोतेहो, पुष्कळ गावांत अशी एखादी जागा असते की तिथे आज दुसरेच काही उभे असते, पण लोक तिला जुन्याच नावाने ओळखतात. "टॉकीजपाशी उतरा," असे कोणी आपल्याला सांगते. उतरून पाहावे तर टॉकीज कुठेच नाही! समोर कापडाचे दुकान, नाहीतर बँक, नाहीतर नुसतेच गवत माजलेले पटांगण. विचारले तर उत्तर मिळते, "अहो, ती केव्हाच पाडली. पण म्हणायचं आपलं टॉकीजच."

नाव राहते आणि वास्तू जाते, अशी ही गोष्ट आहे. आज मी अशाच एका गेलेल्या वास्तूबद्दल सांगणार आहे. ती मुंबईतली, गिरगावातली. तिचे नाव मॅजेस्टिक. मुंबईची गोष्ट खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना कशाला, असे कोणाला वाटेल. पण मॅजेस्टिकचे मूळ एका तंबूत आहे आणि तंबूतला सिनेमा काय असतो, हे यात्रेला जाणाऱ्या माणसाला शहरवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आपल्या देशात हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. तो खेळ साहेबलोकांच्या वस्तीतला. पण पुढे सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तो गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात. गिरगाव म्हणजे चाळींची, मराठी माणसांची वस्ती. आपल्या माणसाने काढलेले चित्र आपल्या वस्तीत लागले आणि सिनेमा ही साहेबाची करमणूक राहिली नाही. ते कॉरोनेशनही आज नाही, बरं का.

याच सुमारास अब्दुलअली युसूफअली नावाचे एक गृहस्थ तंबू घेऊन गावोगाव हिंडत होते. आधी सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, मग १९०८पासून हिंदुस्थान, अशी त्यांची फिरती. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद. त्यात हजारभर माणसे दाटीवाटीने बसत. १९१४ साली ते मुंबईत स्थिरावले. आर्देशीर इराणी हे त्यांचे भागीदार झाले. दोघांनी मिळून आधी अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतले आणि १९१८ साली गिरगावात मॅजेस्टिक उभे केले. तंबू रोवणाऱ्या माणसाने विटामातीची भिंत घातली, ती अशी.

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर पात्रांचे ओठ हलत. शब्द मात्र मधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर लिहिलेले असत. एकाच मजकुराच्या पाट्या दोन-तीन भाषांत असत. प्रेक्षकांत वाचता येणारे थोडे. म्हणून ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि शेजारचे दहा जण ऐकत. पडद्याच्या जवळ पेटी-तबलावाले बसून प्रसंगाला साजेसे वाजवत. म्हणजे चित्र मुके होते, पण थिएटर काही मुके नव्हते. उलट, ते बोलके करण्याचे निम्मे काम प्रेक्षकच करीत. एका साक्षराने दहा निरक्षरांना वाचून दाखवणे हे काम शाळेबाहेर कुठे चालत असेल, तर ते इथे चाले, हे शिक्षकमंडळींनी ध्यानात घ्यावे.

मग १९३१ साल उजाडले. आर्देशीर इराणी यांनी 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट काढला. त्यांचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आवाज रोखणाऱ्या भिंती नाहीत. तेव्हा गाड्या थांबल्या की रात्री उशिरा चित्रण सुरू व्हायचे. माइक कुठे दिसू नये म्हणून आडोशाला लपवून ठेवायचे. नायिका झुबेदा आणि नायक मास्टर विठ्ठल. हे मास्टर विठ्ठल आपल्या मराठी मुलखातले, मूकपटांत नावाजलेले. पृथ्वीराज कपूरही या चित्रात होते.

हा बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. त्या दिवसाची हकिगत थिएटरच्या मालकांकडून पुढे कळली. पहाटेपासून लोक जमू लागले. गर्दी एवढी की खुद्द मालकांनाच आपल्या थिएटरात शिरणे मुश्किल झाले. रांगेत उभे राहण्याची रीत तेव्हा नव्हती; खिडकीवर नुसती झुंबड. पोलिसांना बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले. मुलांना हे सांगताना हिशेबही सांगावा. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे चार आणे हा पाव रुपया आणि त्याचे चार रुपये म्हणजे सोळापट!

एवढा जीव टाकायचे कारण काय? कारण एकच. पडदा बोलत होता. आता पडदा बोलतो कसा, तेही थोडक्यात पाहू.

सिनेमाची फीत पस्तीस मिलिमीटर रुंद असते. तिच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. बोलपटात दर सेकंदाला चोवीस चित्रे दिव्यासमोरून जातात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत सरकते आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. पण ही फीत दिव्यासमोरून सरळ धावत नाही. एक चित्र क्षणभर थांबते, मग झडप आड येते, तेवढ्यात दुसरे चित्र जागेवर येते. हे इतके झटपट होते की डोळ्याला थांबणे दिसत नाही, नुसती हालचाल दिसते.

आवाज याच फितीच्या कडेला एका बारीक पट्टीच्या रूपाने छापलेला असतो. एका लहान दिव्याचा उजेड या पट्टीतून पार होतो. पट्टी जिथे गडद तिथे उजेड कमी, जिथे पुसट तिथे जास्त. हा कमीजास्त उजेड एका नळीवर पडतो आणि तिच्यातून कमीजास्त वीज वाहते. ती वीज वाढवून कर्ण्यात सोडली की आवाज उमटतो. आता गंमत पाहा. चित्राला थांबत थांबत जावे लागते, आवाजाला मात्र न थांबता जावे लागते. नाहीतर गाणे तुटक तुटक ऐकू येईल. म्हणून ज्या चित्राचा आवाज आहे, त्याच्या सुमारे वीस चौकटी पुढे तो छापतात. आणि कर्णा ठेवतात पडद्याच्या मागे. पडद्याला बारीक बारीक भोके असतात, त्यांतून आवाज येतो. म्हणून नायिकेच्या तोंडूनच शब्द निघाला असे आपल्याला वाटते.

हे सारे चालवणारा माणूस वरच्या कोंदट खोलीत उभा असे. दिवा म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमधली ठिणगी. कांड्या जळत जात, तसतसे त्यांचे अंतर त्याला सांभाळावे लागे. एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके. ती खूण पाहून तो दुसरे यंत्र चालू करी. जुनी फीत भलतीच ज्वालाग्राही. म्हणून या खोलीच्या झरोक्यांना लोखंडी झडपा असत. खाली हजार माणसे हसत-रडत असत आणि हा गृहस्थ सारा वेळ ठिणगीवर नजर ठेवून असे. त्याचे नाव जाहिरातीत कधी आले नाही.

वस्तीतले थिएटर अशा माणसांवर चाले. बॅटरीच्या उजेडात जागा दाखवणारा, दारावर तिकीट फाडणारा, मध्यंतरात सोडा आणि शेंगदाणे विकणारा, गाण्यांची चोपडी विकणारा, भिंतीएवढा फलक रंगवणारा. गाण्यांची ती चोपडी घरी जाई आणि घरातल्या बाया-पोरांना गाणी पाठ होत. गिरगावातच सेंट्रल थिएटरात १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' लागला आणि तो सत्तावन्न आठवडे चालला. वर्षभराहून अधिक काळ एकाच जागी तुकोबांची कथा! अशा वेळी थिएटर आणि देऊळ यांत फारसे अंतर राहत नसावे.

मग मॅजेस्टिक गेले कसे? १९७० नंतरच्या काही वर्षांत ते पाडले गेले आणि तिथे दुकानांची इमारत उभी राहिली: मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर. शहराच्या मध्यावरची जमीन महाग झाली, की दिवसातून तीन खेळ करणाऱ्या घरापेक्षा दुकानांचे गाळे मालकाला परवडतात. हे पहिले कारण आणि ते सर्वत्र सारखेच. पुढची कारणे इतर थिएटरांना भोवली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. पुढे व्हिडिओ आला. १९९० नंतरच्या दशकाअखेर मल्टिप्लेक्स आली. आणि त्यानंतर फीतच गेली, चित्रे डिजिटल झाली. ठिणगी सांभाळणाऱ्याची विद्या एका पिढीत निरुपयोगी झाली. यात्रेतल्या तंबूंचेही तेच. साताऱ्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत ट्रकमधून यंत्रे आणून तंबू ठोकत. तेही तंबू हळूहळू कमी होत गेले.

मॅजेस्टिकचे नाव मात्र आणखी एका ठिकाणी राहिले आणि शिक्षकांच्या ते रोजच्या ओळखीचे आहे. या थिएटराच्या आवारात केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली पुस्तकांचे दुकान काढले. थिएटराचे नाव दुकानाला मिळाले आणि दुकानाचे प्रकाशनसंस्थेला. आपल्या शाळेच्या कपाटात मॅजेस्टिक प्रकाशनाचे एखादे पुस्तक असेल, तर त्याच्यावरचे ते नाव म्हणजे या पाडलेल्या थिएटराची खूण आहे.

आता यातली सर्वांत हळहळ वाटणारी गोष्ट. वास्तू गेली तरी चित्र असेल, असे आपण म्हणू. पण 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुन्या फितींत चांदीचा अंश असे. चांदी काढून घेण्यासाठी अशा कितीतरी फिती विकल्या गेल्या. काही जळाल्या, काही कुजल्या. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच आज पाहायला मिळतो. म्हणजे पहिला बोलपट गेला आणि तो जिथे लागला ती वास्तूही गेली.

मग त्या दिवसाबद्दल आपल्याला एवढे तरी कसे ठाऊक आहे? ती गर्दी, ते पोलीस, ते चार आण्यांचे तिकीट? कोणीतरी थिएटरच्या मालकांना विचारले आणि त्यांनी सांगितले, म्हणून. विचारले नसते तर हेही त्यांच्याबरोबर गेले असते. आणि दारावर तिकीट फाडणाऱ्याला कोणी विचारले नाही. त्या दिवशी लोक काय बोलत बाहेर पडले, कोण रडले, कोणाचे जोडे हरवले, हे त्याला ठाऊक होते. ते गेले ते गेलेच.

म्हणून श्रोतेहो, आणि विशेषतः शिक्षकबंधू-भगिनींनो, एक काम सुचवतो. आपल्या गावाजवळ जी टॉकीज होती, जो तंबू यात्रेला येत होता, त्याची हकिगत मुलांकडून लिहून घ्या. आजीला, आजोबांना, टॉकीजसमोरच्या चहावाल्याला प्रश्न विचारायला लावा. टॉकीज नेमकी कुठे होती? तिकीट किती होते? खाली कोण बसे आणि बाकावर कोण? बायकांची बसायची सोय वेगळी होती का? कोणाला आत येऊ देत नसत का? वीज गेली की काय होई? पहिला सिनेमा कोणता पाहिला आणि कोणाबरोबर? शेवटचा खेळ केव्हा झाला? जे सांगितले ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहून ठेवावे. आपल्या मनाने जुळवू नये. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि लिहिल्याची तारीख टाकावी. जुने तिकीट, गाण्यांची चोपडी, एखादे छायाचित्र सापडले, तर नीट जपावे.

दोनशे पानी एक वही पुरते. शाळेच्या कपाटात तिला जागा होईल. शेवटचा खेळ पाहिलेली माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. या दिवाळीच्या सुटीतच ते करावे.