मोटारीचे ब्रेक पॅड : निवड आणि ‘बेडिंग’ प्रक्रियेचे विवेचन

प्रस्तावना :

ब्रेक दाबल्यावर मोटारीची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही. तिचे उष्णतेत रूपांतर होते. १२०० किलो वस्तुमानाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्या ठायी सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा असते. लिटरभर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. ही सर्व उष्णता अवघ्या काही सेकंदांत बिडाच्या डिस्कने व तिच्यावर घासणाऱ्या पॅडने सामावून घ्यावयाची असते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे जातो. असे असूनही पॅडची निवड बहुधा गॅरेजमधील मिस्त्रीवर सोपविली जाते व नव्या पॅडनिशी मोटार दुसऱ्याच दिवशी कसारा किंवा खंबाटकी घाट उतरू लागते. प्रस्तुत लेखात पॅडची निवड आणि नवे पॅड डिस्कशी जुळवून घेण्याची, म्हणजेच ‘बेडिंग’ची प्रक्रिया या दोन बाबींचा विचार केला आहे.

पॅडचे घटक व निवड :

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट बसविलेले मिश्रण होय. त्यात बांधून ठेवणारी फेनॉलिक राळ, बळकटी देणारे तंतू, घर्षण वाढविणारे कठीण कण आणि ग्रॅफाइटसारखे वंगण असते. पूर्वी तंतूंसाठी ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याची धूळ कर्करोगास कारण ठरते हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी ते वर्ज्य केले. सध्या मिळणारे सेंद्रिय पॅड मऊ, कमी आवाजाचे व स्वस्त असतात, परंतु अति उष्णतेत त्यांची पकड लवकर ढिली पडते. अर्धधात्विक पॅड उष्णता अधिक सोसतात, मात्र डिस्क अधिक झिजवितात व काळी धूळ उडवितात. सिरॅमिक पॅड स्वच्छ व शांत असले तरी महाग असतात. तांब्याच्या वापरावरही आता मर्यादा येत आहेत. पॅडची धूळ पावसाबरोबर ओढ्यांत वाहून जाऊन माशांना अपायकारक ठरते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये त्यासंबंधी कायदे केले.

अनेक पॅडच्या कडेवर दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील, तर दुसरे तप्त अवस्थेतील घर्षणांक सुचविते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असल्यास तापल्यावर पकड घटते, हे ग्राहकाने ओळखावे. ही अक्षरे टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाहीत. शर्यतीच्या मोटारींचे पॅड शहरात वापरण्याची हौस तर निखालस अनाठायी होय. ते थंड असताना नीट पकडच घेत नाहीत. सामान्य वापरासाठी मूळ निर्मात्याने सुचविलेल्या दर्जाचा पॅड अधिकृत विक्रेत्याकडून घेणे हेच श्रेयस्कर. पॅड एकाच आसावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत आणि डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नाही, हे तपासून घ्यावे.

बेडिंग कशासाठी? :

नवा पॅड व डिस्क यांचा संपर्क सुरुवातीस संपूर्ण पृष्ठभागावर होत नाही. शिवाय चांगली पकड केवळ खरवडण्यातून येत नाही. पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर सर्वत्र सारखा चढला की पॅड त्या थराशी चिकटत-सुटत घर्षण निर्माण करतो. हा थर क्रमाक्रमाने वाढणाऱ्या उष्णतेतच नीट तयार होतो. याउलट न मुरलेला पॅड एकाएकी तापल्यास राळेतून वायू बाहेर पडतात, ते पॅड व डिस्क यांच्यामध्ये साचतात आणि पेडल घट्ट लागूनही मोटार थांबत नाही. घाटातील उतारावर नेमका हाच धोका संभवतो.

पॅड बसविताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात. म्हणून मोटार जागची हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे. अन्यथा पहिल्या दाबास ते थेट तळाशी जाते. (ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हटले जाते ते तेल नव्हेच, खनिज तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.)

त्यानंतर मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा. पूर्ण थांबू नये. दोन खेपांमध्ये अंतर ठेवून असे आठ-दहा वेळा करावे व नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता मोटार चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. निर्मात्याची सूचना वेगळी असल्यास तीच प्रमाण मानावी. तप्त डिस्कवर पेडल दाबून उभे राहिल्यास त्या जागी द्रव्याचा जाड डाग बसतो. पुढे पेडलमध्ये जी थरथर जाणवते तिचा दोष ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून धातूला दिला जातो. पुष्कळदा तो या असमान थराचा असतो, आणि नवी डिस्क विकत घेण्यापूर्वी पुन्हा बेडिंग करून पाहणे स्वस्त पडते. पहिले सुमारे ३०० किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतो टाळावेत. या अवधीत घाट उतरणे अपरिहार्यच असेल, तर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाचा आधार घ्यावा व पेडलवर सतत पाय ठेवू नये.