चॉकलेटखालचे वळ

लंडन : 30 जुलै 2007. उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागात सोशल वर्कर घरी आली, तेव्हा 17 महिन्यांच्या पीटर कॉनेलीचं तोंड नि हात चॉकलेटनं माखले होते. खाताना मुलं माखतातच. या चॉकलेटखाली मात्र मारहाणीच्या खुणा लपवलेल्या होत्या. 3 ऑगस्टला पीटर गेला. त्याआधीच्या काही महिन्यांत डॉक्टर, पोलीस, पालिकेची माणसं मिळून सुमारे 60 वेळा त्याला पाहिलं गेलं होतं.

भेटी कमी पडल्या, असं इथे कुणी म्हणू शकत नाही.

इंग्लंडमध्ये मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी स्थानिक पालिकेची. 1989च्या बालक कायद्याच्या 47व्या कलमानुसार, मुलाला गंभीर इजा होत असल्याची सबळ शंका आली की चौकशी करावीच लागते. मूल संरक्षण योजनेखाली आलं, की पहिला आढावा तीन महिन्यांच्या आत होतो. मधल्या काळात सोशल वर्कर ठरावीक दिवसांनी घरी जाते. आईबाप मूल दाखवेनात, तर पालिका न्यायालयाकडून आदेश मागते.

पण घरात शिरल्यावर काय होतं? याच हॅरिंगेत राहणारी आयव्हरी कोस्टची 8 वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिये 2000 साली मरण पावली. अंगावर 128 जखमा. तिची केस सांभाळणारी सोशल वर्कर तिला चारदा भेटली, आणि तो सगळा वेळ मिळून अर्धा तासही भरला नाही. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंग यांच्या 2003च्या अहवालातली ही ओळ वाचून पोटात कालवतं. पुढच्याच वर्षी कायदा बदलला : चौकशीत मुलाची इच्छा नि भावना जाणून घेणं पालिकेवर बंधनकारक झालं.

समाजकार्याचे प्राध्यापक हॅरी फर्ग्युसन सोशल वर्करांबरोबर घरोघरी गेले. त्यांना दिसलं ते असं : संतापलेले पालक, माणसांनी भरलेली खोली, पुढच्या कामाची घाई. त्या गदारोळात सोशल वर्करचं सगळं लक्ष मोठ्यांना शांत करण्यात जातं. समोरच असलेलं मूल तिला दिसेनासं होतं. त्याला एकटं भेटायला, जवळ घ्यायला, त्याचं अंथरूण पाहायला मनाची उसंत लागते. डोक्यावर केसेसचा ढीग असलेल्या माणसाला ती कुठून मिळणार?

आणि भाषेचं काय? कॉव्हेंट्रीचा 4 वर्षांचा डॅनियल पेल्का पोलिश घरातला, इंग्रजी जेमतेम येणारा. भुकेनं तो शाळेत कचऱ्यातलं अन्न उचलायचा. 2012 साली तो गेला. नंतरच्या चौकशीत सगळ्या खात्यांचे कागद तपासले गेले. त्याच्या घरातल्या आयुष्याबद्दल कुणी त्याच्याशी बोलल्याची एकही नोंद त्यांत सापडली नाही.