दोघांचा स्कीइंगचा आठवडा : झेरमाट

जोडप्यातल्या एकाला स्कीइंग येतं, दुसऱ्याला नाही? तरी स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला खुशाल जा. फक्त नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शिकवायला जाऊ नये. भांडणं ठरलेली! नवख्याने सरळ स्की स्कूल गाठावं.

गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. गाडी अलीकडच्या टॅश गावात ठेवायची आणि पुढे ट्रेन. स्कीचे बूट भाड्याने घेताना एकच पातळ मोजा घाला. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत आणि टाच अजिबात उचलू नये. सैल बूट आरामदायी वाटतो, पण स्की ऐकत नाही.

सुरुवातीला सुनेगाचा सोपा उतार बरा. निळ्या खुणांचे उतार सोपे, लाल मध्यम, काळे पट्टीच्यांसाठी.

मुरलेल्याने एक दिवस ३८८३ मीटरवरच्या क्लाइन मॅटरहॉर्नवरून थेट इटलीतल्या चेर्विनियात उतरावं. त्यासाठी दोन्ही देशांत चालणारा पास लागतो. जेवण तिकडेच करा, स्वस्त पडतं. मात्र परतीची शेवटची लिफ्ट चुकली तर रस्त्याने काही तासांचा वळसा आणि टॅक्सीचं भलंमोठं बिल.

विम्यात उतारावरच्या बचावकार्याचा खर्च धरलाय ना, तेवढं निघण्याआधी बघा.