चायनीजची गाडी कशी चालते

संध्याकाळी पनवेल स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षाच्या रांगेआधी वास गाठतो: तापल्या तेलात पडलेल्या लसणाचा आणि त्यावर ओतलेल्या व्हिनेगरचा. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, करंजाडे, कुठेही जा, नाका म्हटला की चायनीजची गाडी आलीच. पिवळ्या अक्षरांची लाल पाटी, कोपऱ्यात ड्रॅगन आणि लांबून चिनी वाटावी अशी फराटेदार देवनागरी. पाटीखाली राबणाऱ्यांपैकी कुणी चीनला गेलेलं नसतं. त्याने काही अडतही नाही.

गिऱ्हाईकाला दिसतं ते एवढंच: भडका उडतो, कढई उसळते, प्लेट पुढ्यात येते. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. धंदा मात्र दुपारीच ठरलेला असतो, गाडी ताडपत्रीखाली झाकलेली असते तेव्हा.

तयारी मागच्या गाळ्यात नाहीतर भाड्याच्या खोलीत होते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं, त्यात मीठ, थोडं तेल आणि मग सुक्या नूडल्सच्या लडी. इथे कुणी घड्याळाकडे बघत नाही. झाऱ्याने एक नूडल उचलून बोटांत दाबायची. आत कच्चा कण जेमतेम लागतोय तोवर पातेलं उतरवायचं. पूर्ण शिजू द्यायच्या नाहीत, कारण रात्री कढईत त्या पुन्हा तापणार असतात. लगेच चाळणीत ओतून वरून गार पाणी मारलं की शिजणं थांबतं आणि अंगावरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. मग हाताने तेल चोळून परातीत पसरायच्या. ही शेवटची पायरी कंटाळून उरकली, तर ऐन गर्दीत परातीतून नूडल्सऐवजी गठ्ठा निघतो.

भातही दुपारीच शिजतो. वाफाळता भात कढईत टाकला तर त्याचा लगदा होतो. गार झाल्यावर शितातला स्टार्च पुन्हा आवळतो आणि दाणा सुटा राहतो. पण धोकाही तिथेच. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा परतल्यानेही जात नाही. त्यामुळे भात पातळ थरात पसरून झटपट निववणं आणि उरलेला उद्यावर न ढकलणं हे चवीइतकंच गिऱ्हाइकाच्या पोटासाठीही लागतं. पनवेलच्या मे महिन्यातल्या दमट दुपारी तर फारच.

यानंतर कटिंग. हेल्परचे निदान दोन तास यात जातात आणि त्यातला मोठा वाटा एकट्या कोबीचा. गाजर, सिमला मिरची, फरसबी, कांद्याची पात हे सगळं असतं, पण प्लेट भरते ती कोबीने. नूडल्स महागल्या तर मालक कुरकुरतो. कोबी महागला तर त्याची झोप उडते. मंचुरियनही कोबीवरच उभं असतं. चिरलेल्या कोबीला मीठ लावून सुटलेलं पाणी पिळून काढायचं, मग बेतानेच मैदा आणि कॉर्नफ्लोअर घालायचं. पिळायचा कंटाळा करून मैदा वाढवला की गोळा दातांची परीक्षा घेतो. हे गोळे दुपारी अर्धे तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडतात.

टोकियो किंवा फुकुओकातल्या लहानशा रामेनच्या दुकानाचा दिवस याच्याशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. तिथेही आठ-दहा खुर्च्यांचा काउंटर, भांड्यावर मालक स्वतः, हाताखाली एखाद-दुसरा माणूस आणि खाऊन चटकन उठणारं गिऱ्हाईक. गल्ल्यावर वेगळा माणूस परवडत नाही म्हणून अनेक दुकानांत दाराशीच कुपनाचं यंत्र. त्यांचे दुकान उघडण्याआधीचे तास मात्र रश्शावर जातात. फुकुओकाच्या हाकाता भागातला तोन्कोत्सु रस्सा करायला डुकराची हाडं कित्येक तास खळाखळा उकळतात, तेव्हा कुठे हाडांतला अर्क आणि चरबी पाण्यात एकजीव होऊन रस्सा पांढरा, दाट होतो. वाडग्याच्या तळाला आधी ‘तारे’ नावाचं सोयाचं किंवा मिठाचं तीव्र मिश्रण, त्यावर रस्सा, मग नूडल्स. पनवेलच्या गाडीवर पाणी हा शत्रू: भाजीला सुटलेलं, नूडल्सना चिकटलेलं, कढईत राहिलेलं. तिथे सगळी मेहनत पाण्यात चव उतरवण्याची, इथे पाणी उडवून लावण्याची.

पीठही वेगळं. रामेनच्या मैद्यात ‘कान्सुई’ पडतं, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमच्या कार्बोनेटचं क्षारयुक्त पाणी. त्याने नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात, गरम रश्शातही दम धरतात. उडदाच्या पिठात पापडखार घालून तासभर कुटणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

रामेन मूळची जपानी नाही, ही गोष्ट चायनीजच्या गाडीला हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात ओझाकी कानइची या जकात खात्यातल्या माजी नोकरदाराने ‘राइराइकेन’ उघडलं, तेव्हा स्वयंपाकी आणले ते योकोहामाच्या चिनी वस्तीतून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकी गव्हावर आणि हातगाड्यांवर हा पदार्थ देशभर फोफावला. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी नूडल्स तळून सुकवल्या आणि गरम पाण्यात फुलणारी पाकिटं बाजारात आणली. चिनी पदार्थ जपानने आपल्या तोंडाला येईल तसा वळवला, इतकंच. पनवेलनेही निराळं काय केलं?

आपल्याकडचं वळण मुंबईत पडलं. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा ओळखीचा पाया, त्यात गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. मंचुरियाचा याच्याशी संबंध नाही. हॉटेलातून ते उडुप्यांच्या मेनूवर आलं, तिथून रस्त्यावर उतरलं आणि रस्त्याने त्याचे आणखी अवतार काढले. ट्रिपल शेजवान म्हणजे भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच ताटलीत. ज्याला काही ठरवता येत नाही त्याची सोय. चायनीज भेळ तर शुद्ध मुंबईची बुद्धी.

गाडीची खरी ओळख मात्र तिच्या शेजवान चटणीत असते. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, रंगासाठी बेडगी आणि झणक्यासाठी दुसरी एखादी. मग भरपूर लसूण, थोडं आलं, आणि तेल वर येईपर्यंत परतणं. शेवटी व्हिनेगर, मीठ, साखर. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात जीभ बधिर करणारी एक मिरी असते, ती या चटणीत नावालाही नसते. गंमत अशी, की तिची सख्खी नातेवाईक कोकणात आहे. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ हे त्याच झँथोझायलम प्रजातीतलं. कोकणच्या दारात उभ्या असलेल्या पनवेलला हा मसाला काही परका नाही, पण शेजवानमध्ये तिरफळ घालायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही. कुणी घालून पाहावं.

आणि आजीनोमोटो. गाडीवर खरोखरीचं जपानी काही असेल तर या नावाने ओळखली जाणारी ही पांढरी, खडीदार पूड. टोकियो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बु या समुद्री शैवालाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी मोनोसोडियम ग्लुटामेट आजीनोमोटो या नावाने विक्रीला आलं. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे ते बदनाम झालं. कुणाला काय दिलंय हे लपवून घेतलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा ठोस अपाय सातत्याने दिसलेला नाही, पण भीती गेली नाही. २०१५ मध्ये मॅगीच्या पाकिटांवरून वाद पेटला, बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. त्या उन्हाळ्यात घरोघरी हाच शब्द होता. अजूनही एखादी आई ‘बिना आजीनोमोटो’ सांगते. कढईवरचा मास्टर मान डोलावतो. सोया सॉसमध्ये निसर्गतःच ग्लुटामेट असतं, हे सांगत बसायला त्याला वेळ नसतो.

सहाच्या सुमारास गाडी लागते. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर (घरगुती, चौदा पूर्णांक दोन किलोचा, धंद्याला वापरणं बेकायदा), हाय-प्रेशर भट्टी, काळी पडलेली लोखंडी कढई आणि झाकणाला भोक पाडलेल्या सॉसच्या बाटल्या. मालक बहुधा इथलाच, मास्टर बहुधा बाहेरचा, अनेकदा नेपाळचा. म्हणून अस्सल पनवेलकरही इथे ऑर्डर हिंदीत सोडतो: “मास्टर, दो हाफ हक्का, एक पार्सल, तिखा मार के!” कागदावर काही लिहिलं जात नाही. पाच-सहा ऑर्डरी मास्टरच्या डोक्यात रांगेत उभ्या असतात. त्यातल्या दोन हक्का एकत्र करता येतील का, हे तो ऐकता ऐकताच ठरवतो.

हातांचा क्रम ठरलेला. तेलातून धूर निघू लागला की लसूण-आलं-मिरची. ती करपायच्या आत भाज्या. भाज्या नरमायच्या आत नूडल्स. मीठ, पांढरी मिरपूड, पांढरी पूड. सोया सॉस आणि व्हिनेगर मधोमध ओतत नाहीत, कढईच्या तापलेल्या कडेवर सोडतात. तिथे चर्र होऊन पाणी उडतं आणि वास मागे राहतो. आच कमी असली की भाजीला पाणी सुटून सगळं वाफवलं जातं. घरी केलेल्या नूडल्सना गाडीची चव येत नाही ती मुख्यतः याच कारणाने.

कढई उसळण्यामागेही हिशेब आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या दोन संशोधकांनी चिनी आचाऱ्यांचं फ्राइड राइस परतणं चित्रित करून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. कढई एकाच वेळी पुढे-मागे सरकते आणि चुलीच्या कडेवर झोके खाते, सेकंदाला जवळजवळ तीनदा. दाणा हवेत जातो म्हणून एवढ्या आचेवरही जळत नाही. त्या लेखात खांदेदुखीचाही विषय येतो, कारण हा आचाऱ्यांचा पेशाचाच आजार आहे. पनवेलचे मास्टरही मोठी ऑर्डर आली की कढई उचलत नाहीत, लांब दांड्याच्या पळ्याने नूडल्स उलथतात. चवीचे दर्दी नाक मुरडतील. मध्यरात्रीपर्यंत खांदा मास्टरलाच टिकवायचा असतो.

धंद्याचं पंचांग स्वतंत्र. गटारीला चिकन लॉलीपॉप पुरत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो तसा कोंबडीवाल्याचा हिशेब आटतो, पनीर-मशरूम पुढे येतात. गणपतीत चाकरमानी कोकणाकडे निघतात आणि वसाहती ओस पडतात. पावसाळा एका हाताने घेतो, दुसऱ्याने देतो: बाकडी भिजतात, पण मंचाव सूप जोरात खपतं आणि पार्सल वाढतं.

लॉलीपॉपचा तो भडक लाल रंग हे या धंद्याचं दुखरं ठिकाण. २०२४च्या मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. त्याआधी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत हा पदार्थच नको अशी भूमिका घेतली होती, स्वच्छतेच्या आणि रंगांच्या तक्रारींवरून. जत्रेतला पदार्थ म्हणून खाजं राहावं आणि मंचुरियन जावं असं वाटणाऱ्यांना त्यामुळे आनंद झाला असेल. पण रंगाशिवाय मंचुरियन होतं. फक्त ते तपकिरी दिसतं, आणि गिऱ्हाइकालाच लाल हवं असतं.

उरला जागेचा प्रश्न. पनवेलची नगरपालिका १८५२ची, महापालिका २०१६ची. फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा २०१४चा. कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, फेरीवाला क्षेत्र हे सगळं लिहिलेलं आहे. रस्त्यावर मात्र ‘गाडी आली’ म्हटलं की दोन अर्थ होतात आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी असेल तर सिलिंडर आधी हलतो. फुकुओकातही हातगाड्या अशाच संपत चालल्या होत्या, कारण नवे परवाने बंद झाले होते. २०१३ मध्ये तिथल्या शहराने खास नियमावली केली, जागा आखून दिल्या, अर्ज मागवून नव्या लोकांना शिरकाव दिला. संध्याकाळी गाडी मांडायची, पहाटेआधी जागा धुऊन मोकळी करायची. यातलं पनवेलला न जमण्यासारखं काही नाही; पाणी, गटार आणि कचऱ्याचा डबा जागेवर मिळाला तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

अकराच्या पुढे मास्टर भट्टीचा व्हॉल्व्ह बंद करतो, कढई घासून तेलाचा हात फिरवतो. हेल्पर परात झाकतो. मालक गल्ला मोजता मोजता उद्याच्या कोबीसाठी फोन लावतो. तेवढ्यात उशिराच्या लोकलची दोन पोरं धापा टाकत येतात.

“काका, दोन हाफ शेजवान.”

“भट्टी बंद झाली रे.”

“मग भेळ तरी द्या!”

तिला आच लागत नाही. तळलेल्या नूडल्स बरणीत असतात, कोबी-कांदा डब्याच्या तळाशी थोडा उरलेलाच असतो, चटणीला तर काही होत नाही. हेल्पर बंद केलेला डबा पुन्हा उघडतो.