नाणेघाटातली देवी नायनिका

जुन्नर-आंबेगावच्या पोरासोरांना जिजाऊ कोण हे सांगावे लागत नाही; शिवनेरी डोळ्यांसमोर उभाच असतो. पण त्याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरच्या पुढे, जिजाऊंच्याही दीड हजाराहून अधिक वर्षे आधीच्या एका राणीचे नाव खडकात कोरलेले आहे, हे कितीजणांच्या गावी असते? नाणेघाटात जाणारी मंडळी उलटा धबधबा पाहतात, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहतात आणि परततात.

रांजणापासून जवळच ते लेणे आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरवरून पैठणकडे जाई, तो याच वाटेने. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातल्या मंडळींच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. आज मूर्ती नाहीत. कोठे पावलांच्या खुणा दिसतात, तेवढ्याच. वरची नावे मात्र राहिली. पहिले नाव सिमुक सातवाहनाचे. त्याच्या शेजारी पतिपत्नींची जोडनावे, आणि त्यांत आधी देवी नायनिका, मग राजा श्री सातकर्णी! लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून झालेले रुसवेफुगवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या क्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

पंडित तिला नागनिका म्हणतात. कोरणाऱ्याने आपल्या प्राकृत जिभेप्रमाणे ‘ग’चा ‘य’ केला. जीर्णनगराचे जुन्नर झाले असे मानतात, तेही याच वळणाने. मला तरी नायनिका हेच नाव घरचे वाटते.

बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ. दक्षिणेत हजारोंनी गायी, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापण नाणी. हे आकडे अंकांत कोरले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उलगडले, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांत त्यांची गणना होऊ लागली. या हिशेबाआधी राणीचे वर्णन येते: महारठीची कन्या, वेदिसिरीची माता, महिना महिना उपास करणारी, घरात राहूनही तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. ब्यूलरने 1883 साली हा लेख छापला. पती गेल्यावर अज्ञान मुलाच्या नावे तिने राज्य चालवले असावे, असा तर्क त्यावरून निघाला. लेख जागोजाग तुटला आहे, त्यामुळे वाद आहेतच. पण व्रतस्थ विधवेचे हे चित्र पाहता तो तर्क मला पटतो.

रोमच्या कॉर्नेलियाची आठवण येथे होते. तीही थोर सेनानीची कन्या, तीही विधवा, मुलांना वाढवणारी. इजिप्तच्या राजाची मागणी तिने नाकारली, असे प्लूटार्क सांगतो. तिचाही पुतळा गेला. 1878 साली रोममध्ये सापडला तो नुसता चौथरा. त्यावर बापाचे आणि मुलांचे नाव सांगून तिची ओळख दिलेली आहे. मात्र कॉर्नेलियाला चरित्रे सांगणारे लेखक मिळाले. आमच्या राणीचे चरित्र या भिंतींवर आहे तेवढेच.

तेव्हा सुटीत गेलात तर भिंतींना हात लावू नका. विजेरीचा झोत तिरपा धरा, म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. मागच्या भिंतीवर, सिमुकाच्या शेजारी पाहा.