पडद्यावरची शिल्लक

द हेग शहरातील आयझेनहॉवरलान या रस्त्यावर युरोपोलचे, म्हणजे युरोपीय संघातील पोलीस दलांमध्ये समन्वय राखणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आहे आणि जानेवारी 2013 पासून याच संस्थेत युरोपीय सायबर गुन्हे केंद्र काम करते. युरोपोलला स्वतः कोणाला अटक करण्याचा अधिकार नाही. देशोदेशींच्या पोलिसांकडून आलेली माहिती एकत्र करून तिची संगती लावणे आणि ती पुन्हा त्यांच्या हाती देणे, हे तिचे काम. आभासी चलनाच्या फसवणुकीत हे काम बहुधा एका बतावणीपासून सुरू होते. कोणीतरी समाजमाध्यमांवर आपल्याजवळ अमाप बिटकॉइन असल्याचे दाखवलेले असते, ते पाहून माणसांनी विश्वास ठेवलेला असतो आणि पैसा देशाबाहेर गेल्यावरच ती माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढलेली असतात. ही बतावणी कशी घडवली जाते आणि ती कशी तपासता येते, हे बारकाईने पाहिल्यास असे आढळते की या चलनाइतकी मालकी सिद्ध करण्याची सोपी सोय क्वचितच दुसऱ्या कोणत्या मालमत्तेला असेल, आणि तरीही लोकांपुढे पुरावा म्हणून ठेवले जाते ते केवळ चित्र.

त्या चित्राची घडण समजून घेण्यासाठी आधी वॉलेट म्हणजे काय ते पाहावे लागते. वॉलेट हे नाव पाकिटाचे असले तरी त्यात नाणी नसतात. नाण्यांची नोंद ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खातेवहीत असते, जी जगातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते आणि कोणालाही उघडून वाचता येते. वॉलेटमध्ये असते ती खासगी किल्ली, म्हणजे त्या खातेवहीतील विशिष्ट पत्त्यावरची रक्कम हलवण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. मात्र अनेक वॉलेटमध्ये ‘फक्त पाहण्यासाठी’ अशीही एक सोय असते, जिच्यात किल्ली नसताना कोणाचाही पत्ता भरता येतो आणि त्या पत्त्यावरील शिल्लक पडद्यावर आपलीच असल्यासारखी उमटते. 3 जानेवारी 2009 ही तारीख असलेल्या बिटकॉइनच्या पहिल्या नोंदीतील 50 नाणी कोणालाच खर्च करता येत नाहीत, पण त्यांचा पत्ता जगजाहीर असल्यामुळे ती कोणाच्याही फोनवर दिसू शकतात. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट खरा असतो, त्यातील आकडा खरा असतो आणि मालकी तेवढी खोटी असते.

दुसरी रीत चाचणी जाळ्याची आहे. संगणक अभियंत्यांना प्रयोग करता यावेत म्हणून बिटकॉइनचे एक समांतर जाळे चालवले जाते. त्यातील नाण्यांना बाजारात मोल असावे असा हेतू नसतो आणि ती मागितल्यास फुकट मिळतात, परंतु पडद्यावरची मांडणी खऱ्या वॉलेटसारखीच दिसते. फरक पत्त्याच्या सुरुवातीला असतो: खऱ्या जाळ्यावरील नव्या पद्धतीचे पत्ते ‘बीसी1’ या अक्षरांनी सुरू होतात आणि चाचणी जाळ्यावरील ‘टीबी1’ या अक्षरांनी, त्यामुळे बतावणी करणारा हा भाग कापून टाकतो किंवा त्यावर बोट येईल असा फोटो काढतो. याहून सोपी रीत म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाची मांडणी तात्पुरती बदलून शिलकेच्या जागी हवा तो आकडा टंकित करणे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही आणि मूळ संकेतस्थळावर काहीही बदलत नाही. आणखी एका रीतीत स्वतःच एखादे टोकन, म्हणजे आपले वेगळे आभासी चलन, निर्माण करून, त्यातील मूठभर टोकनांचा आपल्याच दोन खात्यांत चढ्या भावाने व्यवहार करून, तो भाव उरलेल्या कोट्यवधी टोकनांना लावला जातो. पडद्यावर अब्जावधींची संपत्ती दिसते, पण विकायला काढल्यास गिऱ्हाईक मिळत नाही.

मालकीच्या अशा दाव्यांवर एकच साधी कसोटी पुरते. खासगी किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला समोरच्याने सांगितलेल्या कोणत्याही वाक्यावर त्या किल्लीने अंकीय स्वाक्षरी करता येते. किल्ली उघड होत नाही, एक पैसाही हलत नाही आणि ती स्वाक्षरी त्या पत्त्याशी जुळते की नाही हे कोणताही संगणक क्षणात सांगतो. अशी कसोटी नसल्यामुळे पानिपतावर हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचा निकाल लावताना पेशवाईला भाऊंना ओळखणाऱ्यांच्या साक्षींवर अवलंबून राहावे लागले आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत अनेकांची मने द्विधा राहिली. बिटकॉइनचा अज्ञात जनक सातोशी नाकामोतो याच्या तोतयाच्या बाबतीत मात्र साक्षीदारांवाचूनही पुष्कळ काही ठरवता येत होते. ऑस्ट्रेलियाचा संगणकतज्ज्ञ क्रेग राइट अनेक वर्षे आपणच सातोशी असल्याचे सांगत होता. फ्लोरिडातील एका खटल्यात त्याच्या बाजूने बिटकॉइनच्या पत्त्यांची यादी सादर झाली आणि मे 2020 मध्ये त्या यादीतील 145 पत्त्यांच्या किल्ल्यांनी स्वाक्षरी केलेला एक संदेश प्रसिद्ध झाला, ज्यात राइट खोटारडा असून या किल्ल्या त्याच्याजवळ नाहीत, असे म्हटले होते. पुढे 14 मार्च 2024 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेलर यांनी राइट हा सातोशी नसल्याचा निर्णय दिला आणि नंतरच्या सविस्तर निकालपत्रात त्याने मोठ्या प्रमाणावर बनावट कागदपत्रे केल्याचे नमूद केले. मधल्या काळात त्याच्या दाव्यांमुळे अनेकांना वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

ज्यांच्याजवळ ही संपत्ती खरोखर असते ते सहसा ती दाखवत नाहीत, कारण किल्ली हाती लागली की पैसा गेला आणि तो परत आणणारी बँक येथे नसते. फेब्रुवारी 2019 मध्ये नेदरलँड्सच्याच ड्रेन्थ प्रांतात बिटकॉइनचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरात लुटारूंनी शिरून त्याचा ड्रिलने छळ केला होता. अशा परिस्थितीत रोज नवी मोटार आणि नवी शिल्लक दाखवणाऱ्या माणसाचा हेतू वेगळा असणार, हे उघड आहे.

तो हेतू वनकॉइनच्या प्रकरणात सर्वात स्पष्ट दिसतो. 2014 मध्ये बल्गेरियातून सुरू झालेल्या या योजनेची प्रवर्तक रुजा इग्नातोवा हिने जून 2016 मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात हजारो लोकांसमोर वनकॉइन बिटकॉइनला मागे टाकील, असे सांगितले. प्रत्यक्षात वनकॉइनला खरी सार्वजनिक खातेवही नव्हतीच. कंपनीच्या संगणकावर एक आकडा होता, जो कंपनी स्वतःच वाढवत नेई, आणि तो 29.95 युरोपर्यंत नेला गेला. गुंतवणूकदार आपल्या खात्यात उघडून पाहत ती शिल्लक हाच आकडा गुणून तयार होत असल्यामुळे, खाली माणसे जोडणारा प्रत्येक जण स्वतःचा पडदा प्रामाणिकपणे इतरांना दाखवत होता. फसवणुकीचा हा भाग सर्वात क्लेशकारक म्हणावा लागेल, कारण येथे बतावणीचे काम फसलेल्या माणसाकडूनच, त्याच्या नात्यागोत्यातील लोकांपुढे करून घेतले गेले. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या अशाच एका प्रचारसभेवर छापा घालून 18 जणांना अटक केली. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला इग्नातोवा सोफियाहून विमानाने अथेन्सला गेली आणि त्यानंतर ती कोणाला सापडलेली नाही. मे 2022 मध्ये युरोपोलच्या ‘मोस्ट वाँटेड’ यादीत तिचे नाव आले, जून 2024 मध्ये अमेरिकेने तिच्यावरील इनाम 50 लाख डॉलरपर्यंत वाढवले. तिचा सहकारी कार्ल सेबास्टियन ग्रीनवुड याला सप्टेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 20 वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार लोकांचे 4 अब्ज डॉलरहून अधिक गेले.

अलीकडे बतावणीने उलटे रूपही घेतले आहे. एखाद्या चित्रफितीखाली कोणी भाबडेपणाने लिहितो की आपल्या वॉलेटमध्ये डॉलरशी जोडलेले यूएसडीटी हे चलन आहे, ते बाहेर कसे काढायचे ते कळत नाही, आणि सोबत वॉलेट उघडणारे 12 शब्द सर्वांसमोर देऊन टाकतो. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेले असतात आणि त्यांच्यापासून खासगी किल्ली तयार होते. वाचणारा ते शब्द भरून पाहतो, तर रक्कम खरोखरच असते; ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेन जाळ्यावर ती हलवण्यासाठी मात्र टीआरएक्स या नाण्यात थोडे शुल्क भरावे लागते आणि वॉलेटमध्ये टीआरएक्स नसते. म्हणून तो स्वतःचे टीआरएक्स त्यात पाठवतो आणि ते तिथून दुसरीकडे वळवले जाते. यूएसडीटी जागचे हलत नाही, कारण त्या खात्याची रचना आधीच अशी बदललेली असते की रक्कम काढण्यास दुसऱ्या पत्त्याची स्वाक्षरी लागावी. प्रत्येकाचे नुकसान थोडे असते आणि परक्याचे पैसे उचलायला गेलेला माणूस तक्रार करायला धजत नाही.

द हेगमधील विश्लेषकांसाठी स्क्रीनशॉटपेक्षा व्यवहाराचा क्रमांक मोलाचा असतो. या 64 चिन्हांच्या ओळखीवरून खातेवहीतील नेमकी नोंद सापडते. पुढचे काम पत्त्यांचे गट पाडण्याचे: एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरील नाणी एकत्र खर्च झाली असतील तर त्या सर्वांच्या किल्ल्या बहुधा एकाच हाती आहेत, असे धरून साखळी जोडत जातात, जोवर पैसा एखाद्या एक्स्चेंजपर्यंत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या आणि ग्राहकाची ओळखपत्रे घेणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचत नाही. मिक्सर, म्हणजे अनेकांची नाणी एकत्र मिसळून माग पुसणाऱ्या सेवा मध्ये आल्या की हे अनुमान ढिले पडते. बेस्टमिक्सर ही अशी एक सेवा मे 2019 मध्ये नेदरलँड्सच्या वित्तीय गुन्हे अन्वेषण विभागाने युरोपोलच्या मदतीने बंद पाडली.

पैसे गमावलेल्या माणसाला काही काळाने पुन्हा फोन येतो आणि या वेळी बतावणी युरोपोलच्याच नावाने केलेली असते: तुमची रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी कर किंवा शुल्क भरा. सोबत शिक्का असलेले पत्र येते आणि वॉलेटमधील रकमेचे चित्रही येते. युरोपोल कोणत्याही नागरिकाला फोन करून पैसे मागत नाही. असा निरोप आल्यास काही न भरता बोलणाऱ्याचा क्रमांक, पूर्वी ज्या पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता आणि त्या व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवून स्थानिक पोलिसांकडे द्यावा. भारतात त्यासाठी 1930 हा मदत क्रमांक आहे आणि पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर तेथे कळवावे तितकी ती रक्कम एक्स्चेंजवर गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.