गवताच्या बेलरला ट्रॅक्टर कोणता?



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावरचे गवत अजून विळ्याने कापून, भारे बांधून खाली आणले जाते. हे कष्ट कमी व्हावेत म्हणून गोल गाठी बांधणारा बेलर देणगीतून द्यावा, असे आपल्यापैकी काही जणांनी सुचवले आहे. सूचना चांगली आहे. पण बेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर कुणाच्या तरी घरचा कमावता मुलगा बसणार, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जाहिरातीत असते ती इंजिनाची अश्वशक्ती. बेलरला मिळते ती मागच्या पीटीओ दांड्यावरची, आणि ती साधारण १० ते १५ टक्के कमी असते. ४० चा ट्रॅक्टर असेल तर ३५ धरा. त्यात आपला चढ. ट्रॅक्टर-बेलर मिळून ३ टन वजन, १०० फुटांना १० फूट चढ आणि ताशी ५ किलोमीटर वेग असेल, तर नुसते वर चढायलाच सुमारे ५.५ अश्वशक्ती जाते. चाके घसरतात ते वेगळेच. सपाटीवर ३० मागणारा बेलर इथे त्याच ट्रॅक्टरला धाप लावतो.

तरी ताकद कमी पडली तर काम अडते, डिझेल जास्त जळते, एवढेच. वजन कमी पडले तर माणूस जातो. ४५ अश्वशक्तीचा आपल्याकडचा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा. मोठ्या गाठीचा बेलर एकटाच तेवढा भरू शकतो, शिवाय त्याच्या पोटात ३०० किलोंची गाठ. उतारावर हे धूड ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. चाके घसरू लागली की ब्रेक दाबून उपयोग नाही. म्हणून मोठा बेलर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका माणसाला उचलता येईल एवढी गाठ बांधणारा लहान बेलर आपल्याला पुरे.

क्लचही पाहावा लागतो. गाठीला सुतळी गुंडाळताना ट्रॅक्टर थांबवायचा असतो, पण पीटीओ फिरत राहिला पाहिजे. एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की दोन्ही थांबतात. स्वस्तात मिळणारे जुने ट्रॅक्टर बहुधा इथेच नापास होतात. चालकावर लोखंडी कमान आणि सीटला पट्टा हवाच.

गाठ सोडताना ट्रॅक्टर उताराला आडवा आणि शक्यतो सपाट जागी असावा. तोंड चढाकडे ठेवून सोडलेली गाठ थेट खाली गडगडते, आणि खाली गवत वेचणाऱ्या बाया असतात.

विक्रेते आपल्या आवारात यंत्र छान चालवून दाखवतात. आपण पैसे देण्याआधी ते आपल्याच पाड्यावरच्या उतारावर, पोटात भरलेली गाठ असताना, खाली उतरवून दाखवायला सांगणार आहोत.